नऊ वर्षं मीच बोलतेय, आता गप्प कसं बसायचं?

रेवा_म

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहितेय कारण डोक्यात भुंगा सुटलाय.

आमचा पालकांचा एक गट आहे, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलामुलींच्या पालकांचा. पगारी माणूस एकही नाही, सगळे स्वयंसेवक. गेली नऊ वर्षं मी अध्यक्ष आहे, म्हणजे दुसरं कुणी तयार होत नाही म्हणून आहे. अर्ज भरून देणं, कार्यालयांत खेटे घालणं, शाळांशी भांडणं, नवीन पालकांचे रात्री अकराला येणारे रडवेले फोन घेणं हे सगळं त्यातच आलं. माझी स्वतःची मुलगी २२ वर्षांची आहे.

तर गेल्या महिन्यात एका कार्यालयात फॉर्मच्या कटकटीबद्दल बोलायला गेलो होतो. यावेळी गटातल्या एका मुलाला सोबत नेलं, २६ वर्षांचा आहे. साहेब तसे बरे होते, त्यांनी थेट त्यालाच विचारलं, "तुला फॉर्म भरताना काय अडचण येते?" तो विचार करत होता. त्याला वेळ लागतो हे मला नऊ वर्षं माहितीय. तरी मी तीन-चार सेकंद थांबले असेन नसेन आणि पटकन बोलून गेले, "त्याला वाचता येत नाही ना साहेब." साहेबांनी मान डोलावली, पुढचा अर्धा तास मीच बोलले, चांगलं बोलले असं मला तेव्हा वाटलं.

जिना उतरताना तो म्हणाला, "ताई, मला वाचता येतं. अक्षरं बारीक आहेत."

मी पायरीवरच थांबले. कारण "आमच्या मुलांना वाचता येत नाही" हे वाक्य मी किमान पन्नास ठिकाणी बोललेय.

आता पुढच्या महिन्यात गटाची निवडणूक आहे. काहींचं म्हणणं त्याला सहअध्यक्ष करा. काहींचं म्हणणं तो नुसता देखावा होईल, कामं कोण करणार. मला खरंच कळत नाहीये. ज्यांच्यासाठी बोलायचं त्यांच्या वतीने बोलणाऱ्याने कधी थांबायचं? अनुभव असतील तर सांगा, उपदेश कमी करा ही विनंती :)

खडूस_काका

नऊ वर्षं अध्यक्ष असलेला माणूस खुर्ची सोडायचं स्वतःहून विचारतोय, हीच मुळात बातमी आहे. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना हा धागा पाठवू का?

पिंगळा

मला आधी एक कळत नाही. बौद्धिक अक्षमता म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटीच ना? आणि ती म्हणजे डिस्लेक्सिया ना? तारे जमीं पर वालं? त्यात बुद्धी तर नॉर्मल असते. मग वाचता न येणं हीच तर अडचण असते त्यांची. तुम्ही लिहिलंय ते वेगळं वाटतंय.

सातासमुद्रापार

पिंगळा, तुमचा गोंधळ रास्त आहे, तो सगळीकडेच आहे. ब्रिटनमध्ये लर्निंग डिसॅबिलिटी म्हणजे बौद्धिक अक्षमता, ज्याला आपल्याकडे पूर्वी मतिमंद म्हणायचे आणि कित्येक बोर्डांवर अजूनही लिहिलेलं असतं. अमेरिकेत आणि आपल्याकडे त्याच शब्दाचा अर्थ डिस्लेक्सिया (वाचायची अडचण), डिसग्राफिया (लिहायची), डिसकॅल्क्युलिया (आकड्यांची) वगैरे. अमेरिकेतला तो शब्द रुळला १९६३ मध्ये, शिकागोला पालकांची एक परिषद होती, तिथे सॅम्युएल कर्क या मानसशास्त्रज्ञांनी तो मांडला आणि त्या पालकांनी तो उचलून आपली संघटनाच त्या नावाने काढली. म्हणजे तिथेही चळवळीच्या मुळाशी बिनपगारी आईबापच.

आपल्या अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात दोन्ही वेगवेगळे आहेत, विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया वगैरे) आणि बौद्धिक अक्षमता. एकूण २१ प्रकार. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच होते आणि डिस्लेक्सियाचा त्यात पत्ताच नव्हता.

रेवाताईंचा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच लागू आहे असं वाटतं.

वकीलीणबाई

रेवा, एक बारीक खोड काढते, रागावू नका. २६ वर्षांच्या माणसाला "मुलगा" लिहिलंय. आणि साहेबांनी त्याला "तुला काय अडचण" विचारलं, तुम्हाला अहो-जाहोच केलं असणार. हे एवढंसं वाटतं, पण सगळं तिथूनच सुरू होतं.

रेवा_म

बाप रे, खरंच की. लक्षातही आलं नव्हतं. विचारते त्यालाच.

चुकलेली_वेलांटी

मी हे बोलून टाइप करतोय त्यामुळे मध्येच काहीतरी भलतंच उमटलं तर समजून घ्या, आयडीचं नाव उगाच नाही ठेवलेलं. मला डिस्लेक्सिया आहे. वय ३८. माझ्या लहानपणी आई शाळेत जाऊन भांडायची आणि मी बाहेर बाकावर बसायचो, आत माझ्याबद्दल काय बोलणं चाललंय ते दारातून ऐकू यायचं, "तो आळशी नाहीये हो", "त्याचं लक्ष असतं हो", आणि मी मनात म्हणायचो की कुणीतरी मला आत बोलवा, मी सांगतो ना काय होतं ते. फळ्यावरची ओळ वहीत उतरवेपर्यंत मधली चार अक्षरं हरवतात, एवढंच होतं. कुणी विचारलंच नाही. आईचे उपकार आहेतच, ती नसती तर मी सातवीत घरी बसलो असतो, त्याबद्दल दुमत नाही. पण पहिली नोकरी लागली तेव्हा लक्षात आलं की मला स्वतःसाठी मागताच येत नाही. मागायचं काम कायम आईचं होतं ना. पाच वर्षं मी ऑफिसात डिस्लेक्सिया लपवला, रिपोर्ट घरी आणून बायकोकडून तपासून घ्यायचो.

मग एका पालक गटातल्या काकू भेटल्या, त्याही अशाच फुकट काम करणाऱ्या. त्यांनी मला तीन ओळी लिहायला लावल्या. मला काय जमतं. काय जमत नाही. काय मिळालं तर जमेल. तिसरी ओळ लिहायला मला दोन आठवडे लागले कारण तो विचारच कधी केला नव्हता. मग त्या म्हणाल्या हे साहेबाला तुझ्या तोंडाने सांग, मी येणार नाही. आल्या नाहीत. मी सांगितलं. साहेब म्हणाला एवढंच ना, मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी पाठवतो. झालं. पाच वर्षं लपवलं ते पाच मिनिटांत संपलं.

तर माझं मत, पुढाऱ्याचं खरं काम आपल्यावाचून अडणार नाही असं माणूस तयार करणं. काकूंनी मला आतापर्यंत कुठेच "रिप्रेझेंट" केलेलं नाही.

उंबरठा

वेलांटी यांचा प्रतिसाद आवडला, पण मला वेगळं बोलायचंय आणि थोडं कडू बोलणार आहे.

माझी लेक ३१ वर्षांची आहे. ती बोलत नाही. एकही शब्द नाही. जेवण भरवावं लागतं, झटके येतात, रात्री दोनदा उठून कुशीवर वळवावं लागतं. हल्ली जिथे जावं तिथे ऐकते की त्यांना स्वतःला बोलू द्या, पालकांनी मागे व्हा, पालक म्हणजे अडसर. ऐकायला छान वाटतं. पण मंचावर उभं राहून चार वाक्यं बोलू शकतो त्याला पुढे केलं की सगळ्यांना वाटतं प्रश्न सुटला. मग माझ्या लेकीसारख्यांचं काय? त्या जो पुढे आलाय त्याच्यासारख्या नाहीत. त्याला मोठी अक्षरं हवीत, माझ्या लेकीला झटक्याचं औषध वेळेवर मिळायला हवं. मी मागे झाले तर तिच्या वतीने कोण बोलणार? वेलांटी, तुम्ही बाकावर बसून ऐकत होतात. ती बाकावर बसू शकत नाही.

खडूस_काका

उंबरठा, यावर विनोद सुचत नाही. वाचतोय.

भावंड_क्रमांक_२

मी धाकटा भाऊ. मोठी बहीण बोलते पण कमी. आम्हा भावंडांचं कुणी विचारात घेतं का? आईबाबांनंतर अध्यक्ष आम्हीच होणार हे न विचारता ठरलेलं असतं :) बाकी चालू द्या.

सातासमुद्रापार

उंबरठा, तुम्ही म्हणता तो वाद चळवळीइतकाच जुना आहे, म्हणून थोडा इतिहास सांगतो. लांबण लावतोय असं वाटलं तर पुढे सरका.

ब्रिटनमध्ये १९४६ साली ज्युडी फ्रीड नावाच्या एका आईने मासिकात पत्र लिहिलं, तिच्या मुलीला कुठलीच शाळा घेत नव्हती. देशभरातून पालकांची उत्तरं आली आणि संघटना उभी राहिली, आजची मेनकॅप. पण तिचं पहिलं नाव काय होतं? "मागासलेल्या मुलांच्या पालकांची राष्ट्रीय संघटना". तेव्हा ते प्रेमानेच ठेवलेलं होतं. त्या पिढीने शाळा मिळवून दिल्या, मोठाल्या कोंडवाड्यांसारख्या संस्थांमधून मुलांना बाहेर काढायला सुरुवात केली, ते काम लहान नव्हे. पण नावातच बघा, संघटना "पालकांची". ज्यांच्याबद्दल सगळं चाललंय ते सभासद नाहीत, विषय आहेत.

मग १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांचे क्लब निघाले, ते आपल्या बैठका आपण घ्यायला लागले. आणि १९७४ मध्ये अमेरिकेत ओरेगॉन राज्यात एका बैठकीत त्यातलाच एक जण म्हणाला की मला आधी माणूस म्हणून ओळखा. त्यावरून गटाचं नाव पडलं पीपल फर्स्ट. आज तसे गट अनेक देशांत आहेत, आणि त्यांच्यात पदाधिकारी तेच असतात, आपल्यासारखे लोक मदतनीस.

आता एक नाव लक्षात ठेवण्यासारखं. न्यूझीलंडचे रॉबर्ट मार्टिन. जन्मताना मेंदूला इजा, बालपण संस्थांमध्ये गेलं, तिथे जे भोगलं ते भोगलं. हा माणूस २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीवर निवडून आला. बौद्धिक अक्षमता असलेली अशा समितीवरची ती पहिली व्यक्ती. नंतर त्यांना सर हा किताबही मिळाला. २०२४ मध्ये गेले. समितीत बसताना त्यांच्यासाठी कागद सोप्या भाषेत करून दिले जायचे, सोबत मदतनीस असायचा. म्हणजे त्यांच्याऐवजी कुणी बोलत नव्हतं, त्यांना बोलता यावं म्हणून माणसं होती.

उंबरठा

मार्टिन बोलू शकत होते. माझा मुद्दा तिथेच आहे.

वकीलीणबाई

उंबरठा, तुमच्या मुद्द्याला बगल न देता लिहिते.

संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा २००६ चा करार आहे, आपण त्यावर २००७ मध्ये शिक्कामोर्तब केलंय. त्याचं कलम १२ असं म्हणतं की कायद्यापुढे प्रत्येकाचा निर्णय घ्यायचा अधिकार शाबूत आहे, आणि ज्याला तो वापरायला मदत लागते त्याला मदत द्यायची. निर्णय काढून घ्यायचा नाही. आपल्याकडे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अठराव्या वर्षानंतर पालकांना कायदेशीर पालकत्व घेता येतं, आणि २०१६ च्या कायद्याने मर्यादित पालकत्व आणलं, ते म्हणजे पालक आणि ती व्यक्ती मिळून ठरवतील, आणि तेही त्या ठरावीक गोष्टीपुरतं आणि मुदतीपुरतं. कागदावर तरी असं आहे. प्रत्यक्षात बँकेतल्या खिडकीवर काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

याच कराराच्या समितीने २०१८ मध्ये खुलासा केला, अपंगांच्या स्वतःच्या संघटना वेगळ्या आणि अपंगांसाठी इतरांनी काढलेल्या संघटना वेगळ्या, सरकारने मत विचारताना पहिल्यांना आधी विचारावं. पण त्यात पालकांना बाहेर काढलेलं नाही. त्यांनी साथ द्यावी, बळ द्यावं असं म्हटलंय. त्यामुळे पालक म्हणजे अडसर असं जो कुणी सांगत असेल तो अर्धवट वाचून आलाय.

आता एक विचारते, खोचकपणे नाही. तुमची लेक बोलत नाही. पण नाही कसं म्हणते?

उंबरठा

नाही? अंघोळ नको असेल तर मान डावीकडे फिरवते आणि डोळे मिटते. नवी आया आली की पहिले आठ दिवस बोटांच्या मुठी. रेडिओ हवा असेल तर त्या कोपऱ्याकडे बघत राहते. आवडला तर अंगठा हलतो, डावा, उजवा नाही.

हे लिहिताना लक्षात आलं की हे फक्त मला माहितीय. कुठे लिहिलेलं नाही.

निमाताई

उंबरठा, मी विशेष शिक्षिका होते, आता निवृत्त. हे जे तुम्ही वर चार ओळींत लिहिलंत ना, ते आजच्या आज वहीत लिहून काढा. याला कम्युनिकेशन पासपोर्ट म्हणतात, नाव भारदस्त आहे पण असते साधी छोटी वही. आणि "ती डोळे मिटते" असं नाही लिहायचं, "मी डोळे मिटले तर मला अंघोळ नको आहे" असं तिच्या बाजूने लिहायचं. सोबत फोटो. दवाखान्यात, नव्या आयाच्या हातात, भावंडांच्या हातात ती वही जाते. मी असल्या वह्या केल्यात. एका वहीत पहिल्या पानावर फक्त एवढंच होतं, "माझ्याशी बोलताना माझ्या आईकडे बघू नका."

तुम्ही मागे व्हा असं मी अजिबात म्हणणार नाही. तिचा अंगठा तुम्हाला दिसतो, तो अजून चार जणांना दिसायला हवा एवढंच. तुमची तब्येत कशी आहे?

उंबरठा

गुडघे गेलेत. बाकी ठीक. वही घेते.

(पण मंचावर गोड बोलणाऱ्यालाच पुढे करतात हा माझा मुद्दा मी सोडलेला नाही.)

पिंगळा

तो मुद्दा बरोबरच आहे. मी एका कार्यक्रमाला गेलो होतो, या विषयावरच्या. एका तरुणीला स्टेजवर मधोमध बसवलं होतं. दोन तास. सगळे पाहुणे तिच्याबद्दल बोलले, प्रत्येकाने तिच्याकडे हात दाखवला, फोटो झाले. माइक तिच्या हातात एकदाही नाही. शेवटी आभार मानणाऱ्याने तिचं नाव चुकीचं घेतलं आणि तिने मोठ्याने दुरुस्त केलं. तेवढंच तिचं भाषण.

कोपऱ्यातला_स्टूल

आता थोडं कामाचं. मी सहा वर्षं एका स्वयंसेवी गटाचा सचिव होतो. आम्ही दोन सहअध्यक्ष नेमले, एक पालक, एक स्वतः बौद्धिक अक्षमता असलेली बाई. पहिलं वर्ष सपशेल फसलं. कारण आम्ही खुर्ची दिली पण बैठक बदलली नाही. अजेंडा तोच दोन पानी, बोलणं तेच भराभर, ती बिचारी शेवटी "मंजूर" म्हणायची.

दुसऱ्या वर्षी बदललं ते असं. बैठकीच्या आदल्या दिवशी मदतनीस तिच्यासोबत बसून एकेक विषय समजावून घ्यायचा, प्रत्येक विषयाला एक चित्र. तिचं मत आधीच तिच्या शब्दांत लिहून ठेवायचं म्हणजे ऐनवेळी ताण नको. बैठकीत सगळ्यांकडे तीन रंगांची कार्डं. लाल म्हणजे थांबा, पिवळं म्हणजे कळलं नाही, हिरवं म्हणजे पटलं. सगळ्यांकडे, फक्त तिच्याकडे नाही. गंमत म्हणजे पिवळं कार्ड सगळ्यात जास्त आमच्या खजिनदाराने वापरलं. हिशोब त्यालाही कळत नव्हता, इतकी वर्षं लाजेने बोलला नव्हता.

आणि मदतनीस तिच्या शेजारी बसायचा नाही, थोडा मागे बसायचा. शेजारी बसला की समोरचा माणूस त्याच्याशीच बोलतो. आमच्या बैठकीत तो मागच्या स्टुलावर असायचा, म्हणून माझा हा आयडी. मीच तो मदतनीस. दोन तास तोंड बंद ठेवायला शिकलो, लग्नात जे जमलं नाही ते तिथे जमलं.

बैठक दीडपट लांबते. हे मान्य करूनच उतरा. ज्यांना आठ वाजता घरी पोहोचायचंय ते कुरकुर करणार.

चुकलेली_वेलांटी

पिवळं कार्ड मला प्रत्येक ऑफिस मीटिंगला हवंय.

खडूस_काका

लाल कार्ड मला घरी हवंय.

छापखाना

हा विषय माझ्या धंद्याचा म्हणून लिहितो. डीटीपीचं काम करतो. बारीक अक्षरांचा तो मुद्दा खरा आहे, सरकारी फॉर्म आठ-नऊ पॉइंटात कोंबलेले असतात, कागद वाचवायला. सोप्या वाचनाचे युरोपातले नियम आहेत, त्यात अक्षर किमान १४ पॉइंट, एका वाक्यात एकच गोष्ट, एकच शब्द दोन ओळींत तुटू द्यायचा नाही, अवघड शब्द टाळायचे. आणि एक नियम सगळ्यात महत्त्वाचा, तयार केलेला मजकूर बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांनीच तपासायचा. मराठीत अजून एक भानगड, जोडाक्षरं. आणि भाषा तर विचारूच नका. हे बघा, नमुना म्हणून:

"सदर अर्जासोबत विहित नमुन्यातील स्वयंघोषणापत्र सादर करणे अनिवार्य राहील, अन्यथा अर्ज अपात्र समजण्यात येईल."

करा सोपं कुणीतरी.

खडूस_काका

"कागद आणा नाहीतर घरी जा."

पिंगळा

"या अर्जाबरोबर स्वतःबद्दलची खरी माहिती लिहिलेला कागद द्या. तो नसेल तर अर्ज चालणार नाही."

छापखाना

"अर्ज चालणार नाही" नको. अर्जाला पाय नसतात. जे शब्दशः घेतात ते अडतील.

भावंड_क्रमांक_२

बहिणीला एकदा सांगितलं "पाच मिनिटं तोंड धू", ती पाच मिनिटं घड्याळ लावून धूत होती. त्यामुळे छापखाना यांना अनुमोदन.

निमाताई

"अर्जाबरोबर अजून एक कागद द्या.
त्या कागदावर लिहा: मी खरी माहिती दिली आहे.
खाली सही करा.
हा कागद नसेल तर अर्ज घेणार नाहीत."

वकीलीणबाई

वा निमाताई. "विहित नमुना" मात्र गेला की. तो कागद ठरलेल्या छापील नमुन्यातच हवा असतो.

निमाताई

अगं हो. मग "हा कागद ऑफिसात मिळतो" अशी ओळ वाढवा.

छापखाना

चांगलं झालं. सोळा पॉइंटात लावून रेवाताईंना पाठवतो. रेवाताई आहात ना? धागा सोडून गायब झालात.

रेवा_म

आहे आहे. सगळं वाचत होते, आणि मध्ये दोन गोष्टी झाल्या त्या सांगायच्यात.

एक, अहो-जाहोचं त्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई तू म्हण. साहेबांनी तुम्ही म्हणायचं." इतकं स्वच्छ उत्तर मला सुचलं नसतं. आणि हो, वकीलीणबाई, आता "मुलगा" लिहीत नाही.

दोन, छापखाना यांनी पाठवलेला कागद रविवारी गटात नेला. चौघांना दिला आणि ठरवून गप्प बसले, हाताची घडी घालून. फार अवघड गेलं हो. त्यातल्या एकीने पहिली ओळ वाचायला जवळपास एक मिनिट घेतलं आणि त्या मिनिटात मी मनातल्या मनात चारदा वाक्य पूर्ण केलं. मग ती म्हणाली, "खरी माहिती कशाला लिहायचं? मी खोटं कुठे बोलते?" तिला राग आला होता. बरोबरच आहे, आपल्याला तो आरोप वाटत नाही कारण सवय झालीय.

माझी लेक म्हणाली चित्र कुठाय.

आणि तो, जिन्यावरचा, त्याने कागद दोनदा वाचला, बोट ठेवून ठेवून, आणि म्हणाला, "द्या लिहिलंय. कुणाला द्या? खिडकीत का साहेबांना?" मग म्हणाला, "ऑफिसात मिळतो. कुठल्या टेबलावर? तिथे सात टेबलं आहेत." मी नऊ वर्षं त्या कार्यालयात जातेय, टेबलं कधी मोजली नाहीत.

खडूस_काका

म्हणजे आम्हा सगळ्यांचा अर्ज अपात्र.

छापखाना

मान्य! वीस वर्षं धंदा करतोय, "कुणाला द्यायचं" हे एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नव्हतं. दुरुस्त करून पाठवतो, चित्रासकट. "खरी माहिती"ला काय करायचं सुचवा.

वकीलीणबाई

तो शब्द कायद्यासाठी लागतोच. तिच्या रागासकट ठेवायचा आणि खाली एक ओळ घालायची, "हे सगळ्यांना लिहावं लागतं."

उंबरठा

ही ओळ चांगली आहे. आणि वहीची चार पानं झालीत. मुलगा फोटो काढून देतोय. अंगठ्याचा फोटो काढताना तिने बरोबर तेव्हाच अंगठा हलवायचा बंद केला, तासभर बसलो दोघं.

पिंगळा

रेवाताई, मूळ प्रश्नाचं काय झालं? सहअध्यक्ष करताय का त्याला?

रेवा_म

त्यालाच विचारलं. कोपऱ्यातला_स्टूल यांनी लिहिलेलं सगळं सांगून विचारलं, कार्डं वगैरे. तर म्हणाला नको. "अध्यक्षाला रात्री फोन येतात. मला झोप लागते." मी थोडी खट्टू झाले, खोटं कशाला बोलू, माझ्या डोक्यात तो खुर्चीवर बसलाय असं चित्र तयार झालं होतं. म्हणजे इथेही मी त्याच्याऐवजी ठरवूनच टाकलं होतं की काय.

त्याला काय हवंय विचारलं तर म्हणाला फॉर्म तपासायचं काम. गटाकडून कुठल्याही कार्यालयाला जाणारा आणि तिथून आलेला कागद आधी त्याच्याकडे आणि त्या चौघांकडे जाणार, कळलं तरच पुढे. कार्यकारिणीत तशी जागा करतोय, मतासह. अध्यक्ष मी अजून एक वर्ष, त्यानंतर नाही, हे मिनिट्समध्ये लिहून घेतलंय, कारण माझा माझ्यावर विश्वास नाही. कार्डं पुढच्या बैठकीपासून. दोन पालक नाराज आहेत, त्यांना हे सगळं थेर वाटतंय, एकाने बैठकीला येणार नाही असं सांगितलंय. त्यांच्याकडे घरी जाऊन बोलणार आहे.

कोपऱ्यातला_स्टूल

नाराजांना कार्डं कापायच्या कामाला लावा. हातात कात्री असली की माणूस कमी भांडतो.

आणि एक, तपासायच्या कामाला वेळ ठरवून द्या. नाहीतर अर्जाची मुदत आज आणि कागद तपासायलाही आजच, असं होतं आणि मग "तातडीचं आहे" म्हणून त्यांना वगळलं जातं. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं.

रेवा_म

हे लिहून घेते. किमान आठ दिवस आधी, असं करू.

बरं, गुरुवारी त्याच साहेबांकडे पुन्हा जायचंय, नवीन कागद दाखवायला. आत तो आणि ती "खोटं कुठे बोलते"वाली, दोघंच जाणार. मी बाहेरच्या बाकड्यावर बसायचं, असं त्याने ठरवलंय. मी म्हटलं काही अडलं तर? म्हणाला, "हाक मारतो."

चुकलेली_वेलांटी

बाकड्यावरून आतलं ऐकू येतं. अनुभवाने सांगतो.

खडूस_काका

मग विणकाम घेऊन जा रेवाताई. आणि लांबच्या टोकाला बसा.